आधी मरण कळू द्या
धुळे-जळगावच्या आयसीयूत डोक्याला मार लागलेली तरुण मुलं येतात ती बहुधा महामार्गावरून, बिनहेल्मेटची. अशाच एका मुलाच्या वेळी मी रात्रपाळीला होते. ब्रेनडेडच्या तपासणीची पहिली फेरी झालेली, दुसरी बाकी. तेवढ्यात एका उत्साही डॉक्टरांनी जिन्यातच त्याच्या मामांना गाठून अवयवदानाचं विचारलं. मामा कडाडले, "म्हणजे त्याला वाचवायचं सोडूनच दिलं तुम्ही!" आईने माझा हात धरला. "सिस्टर, छाती तं हालस ना, मंग तो मरी गया कसा?" पुढे त्या घरातलं कोणी आमचं ऐकून घेईना. नेत्रदानही राहिलं.

त्या माउलीचं काय चुकलं? मॉनिटरवर ठोके दिसतात, अंग गरम लागतं. म्हणून नव्या सिस्टरना मी बजावते, आधी मरण कळू द्या, दानाचं नाव नंतर. कायद्याने चार डॉक्टरांचं पॅनेल किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा तपासतं. व्हेंटिलेटर काढून पेशंट स्वतः श्वास घेतो का, हेही बघतात. घरच्यांना सरळ सांगा: छाती मशीन हलवतंय. "सिरियस आहे", "चान्स कमी आहे" असलं गोलमाल बोलणं या टप्प्यावर घात करतं.

दानाचं विचारायचं काम डॉक्टरांचं आणि अवयवदान समन्वयकाचं. पण कोणाशी बोलायचं, हे सिस्टरलाच ठाऊक असतं. आपल्याकडे सही बाप करतो, शब्द मात्र मामाचा नाहीतर थोरल्या काकाचा चालतो. ते गावाहून पोचेपर्यंत थांबा. तोवर आईला खुर्ची द्या, पाणी विचारा. नकार आला तरी वागण्यात फरक पडता कामा नये. शेजारच्या बेडचे नातेवाईक सगळं बघत असतात.

बिल वाढेल का, हे लोक दबक्या आवाजात विचारतात. दात्याचा देह टिकवण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च त्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही, हे आपणहून सांगा. अपघाताच्या केसमध्ये पोलीस आणि पोस्टमार्टेम आलंच, तेही लपवू नका. देह कधी मिळेल याची खोटी वेळ तर अजिबात देऊ नका.

ब्रेनडेड नसला तरी डोळे देता येतात, मृत्यूनंतर 6 तासांच्या आत. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, डायबेटिस, काही आड येत नाही. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद. "पुढल्या जन्मी आंधळा होईल" असं घरातली एखादी आजी म्हणतेच. तिच्याशी वाद घालू नये (मी घालून पाहिलाय, उलट बिनसतं). चेहरा विद्रूप होत नाही, एवढं सांगितलं की ती बरीचशी निवळते.

जळगावात मांगीलालजी बाफना नेत्रपेढी आहे. आपल्या भागातल्या नेत्रपेढीचा नंबर नर्सिंग स्टेशनच्या फोनशेजारी चिकटवून ठेवा. रात्री अडीचला तो शोधत बसायला सवड नसते.