विंचवाचा दंश आणि हृदयाचा पंप

मे महिना सरत आला की आपल्या मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला पावसाळ्याची बेगमी सुरू होते. रचून ठेवलेली लाकडे पडवीत आणायची, माडाच्या झावळ्या गोळा करायच्या, ढासळलेला गडगा पुन्हा रचायचा. हात नेमका अशाच वेळी विंचवावर पडतो. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर असतो, परंतु जिवावर बेततो तो बहुधा बोटभर लांबीचा तांबडा विंचू.

समजा, दहा वर्षांच्या एका मुलाला असा विंचू चावला. मुलगा थोडा वेळ ओरडतो. मग वेदना कमी झाल्यासारखी वाटते आणि घरच्यांना हायसे वाटते. पण तासा-दोन तासांत त्याला दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते. हातपाय बर्फासारखे गार पडतात, छाती धडधडू लागते. काही तासांनी त्याला दम लागतो, खोकला येतो आणि तोंडावाटे गुलाबी फेस येऊ लागतो. विष पायाच्या बोटात शिरले. मग फेस फुप्फुसातून का यावा?

हा प्रश्न वैद्यकाचा खरा, पण त्याचे निम्मे उत्तर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे.

सायकलचा हवा भरायचा पंप घ्या. त्याचे तोंड मोकळे ठेवून दट्ट्या दाबा. काहीच श्रम पडत नाहीत. आता तोंडावर अंगठा घट्ट दाबून तेच करा. हवा जेमतेम बाहेर पडते, पण दंड मात्र भरून येतात. पंप तोच, हात तोच. वाट तेवढी अरुंद झाली.

आपले हृदय असाच पंप आहे. डावा कप्पा एका ठोक्याला सुमारे ७० घन सेंटिमीटर रक्त बाहेर ढकलतो, आणि ते पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर दाबाविरुद्ध. कार्य म्हणजे दाब गुणिले आकारमान, हे सूत्र वापरा. १०० मिलिमीटर म्हणजे सुमारे १३,३०० पास्कल. उत्तर येते एका ठोक्याला ०.९३ ज्यूल. मिनिटाला ७० ठोके धरले तर शक्ती जवळजवळ एक वॅट! विजेरीच्या लहान दिव्याएवढी ही शक्ती, पण ती जन्मभर अखंड पुरवायची असते. दाब दुप्पट झाला आणि रक्त तेवढेच ढकलायचे असले, तर कार्यही दुप्पट होते.

तांबड्या विंचवाचे विष नेमके हेच घडवते. चेतातंतूंच्या आवरणात सोडियमच्या आयनांसाठी सूक्ष्म दारे असतात. संदेश गेला की ती मिटायला हवीत. विष ती मिटू देत नाही, आणि चेतातंतू पुन्हा पुन्हा संदेश पाठवत राहतात. घाम, लाळ, उलट्या हा त्याचाच परिणाम. त्याचबरोबर ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन ही द्रव्ये रक्तात लोटतात. वाघ मागे लागला तर शरीर जी तयारी करील, ती वाघ नसतानाच आणि कित्येक पटींनी होते. सूक्ष्म रोहिण्या आवळल्या जातात. हातापायांकडे जाणारे रक्त घटते, म्हणून ते गार पडतात.

रोहिणी किंचित आवळली तर असे काय मोठे बिघडते? येथे पॉइझोय या फ्रेंच गृहस्थाची आठवण काढली पाहिजे. हा स्वतः डॉक्टर. रक्त कसे वाहते या कुतूहलापोटी त्याने काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी वाहवून मोजमापे केली. त्याला आढळले, की दाब तोच असेल तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी केली की प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. त्रिज्या फक्त २० टक्क्यांनी कमी करा: ०.८ चा चौथा घात ०.४१. प्रवाह निम्म्याहूनही खाली! (रक्त हा पाण्यासारखा साधा द्रव नाही आणि रोहिणी काचेची नाही. म्हणून हे गणित शरीरात ढोबळमानानेच लागू पडते. पण दिशा अचूक दाखवते.)

आता डावा कप्पा बंद तोंडाच्या पंपासारखा झुंजतो. शिवाय त्या द्रव्यांच्या माऱ्याने हृदयाचा स्नायूही दुखावलेला असतो. अखेर तो थकतो. उजवा कप्पा मात्र फुप्फुसाकडे रक्त धाडतच राहतो. पुढची वाट तुंबली, मागून आवक चालू. मग रक्त फुप्फुसात साचते. तेथील केशवाहिन्यांत एरवी दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आतबाहेर असतो, आणि रक्तातील प्रथिने सुमारे २५ मिलिमीटर एवढ्या ओढीने पाणी धरून ठेवतात. दाब ही मर्यादा ओलांडतो तेव्हा पाणी वायुकोशांत झिरपू लागते. त्यात हवा घुसळली जाते आणि थोडे रक्त मिसळते. तोच तो गुलाबी फेस. रोगी कोरड्या जमिनीवर बुडत असतो म्हणा ना.

आपल्या कोकणातली ही जुनी कथा. विंचवाच्या दंशानंतर फुप्फुसात पाणी होते, याची नोंद डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केली होती. पण उपाय हाती नव्हता. दंश गंभीर झालेल्या रोग्यांपैकी शंभरात तीसेक दगावत.

१९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. तेथे ना अतिदक्षता विभाग, ना भारी यंत्रे. त्यांनी रोग्याच्या उशाशी रात्ररात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची उष्णता यांच्या नोंदी ठेवल्या. धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांवरील त्यांचा निबंध १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्याला दंशाच्या जागी असह्य कळा येतात तो बहुधा वाचतो. कळा थोड्या पण घाम, उलट्या आणि गार हातपाय असतील त्याला सांभाळा, असे या अनुभवातून दिसले. मांत्रिकाचा गुण कसा येतो, तेही यावरून कळते. बहुतेक दंश केवळ कळांचे असतात आणि कळा आपोआप उतरतात. मान मंत्राला मिळतो.

उपायाची दिशा मात्र सामान्य समजुतीच्या उलट निघाली. रोगी गार पडलेला, नाडी क्षीण. अशा वेळी सलाईन भरभर सोडावे असेच कोणाच्याही मनात येईल. पण तुंबलेल्या फुप्फुसात आणखी पाणी लोटले तर काय होईल, हे आता तुम्हीच सांगाल. पंपाला चाबूक मारायचा नाही, त्याच्या तोंडावरचा अंगठा काढायचा! बावस्करांनी आधी रक्तवाहिन्या रुंदावणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि सतत पहारा ठेवावा लागतो. खेड्यात हे कसे जमणार? मग त्यांचे लक्ष प्राझोसिनकडे गेले. ही रक्तदाबाच्या विकारावरची साधी, स्वस्त गोळी. नॉरॲड्रेनॅलिनची किल्ली रोहिणीच्या भिंतीतील ज्या कुलपात बसते, ते कुलूपच ही गोळी अडवून धरते. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा यावरील लेख १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूंचे प्रमाण पुढे शंभरात एकाच्या आसपास आले.

मग प्रतिविष लस कशाला? ती रक्तात फिरणारे विष पकडते. आधीच आवळलेली रोहिणी मोकळी करणे तिचे काम नव्हे. दोन्ही एकत्र दिल्यास काय होते, हे याच डॉक्टर दांपत्याने महाडला ७० रोग्यांवर तपासले. निम्म्यांना नुसते प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन व लस; कोणाला काय, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरलेले. नुसत्या गोळीवर बरे व्हायला सरासरी १७.७ तास लागले, दोन्हींवर ८ तास. हा निष्कर्ष २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ज्याच्या नावावर गोळीचे श्रेय, त्यानेच लसीची बाजू भक्कम करावी, हे मला फार आवडले.

एक सूचना. ही गोळी घरात ठेवून स्वतः द्यायची नव्हे. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रोग्याला निजवून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती देतात. आपण करायचे ते एवढेच: जागा कापू नये, आवळून बांधू नये, आणि विशेषतः लहान मुलाला वेळ न दवडता आरोग्य केंद्रात न्यावे.

तेथे गोळी दर तीन तासांनी देतात. कोठवर? हातपाय कोरडे आणि गरम होईपर्यंत. रक्त हे शरीरातील उष्णतेचे वाहन, तेव्हा पाऊल गरम झाले याचा अर्थ रोहिणी उघडली. आता एक उदाहरण सोडवा. आवळून ०.८ झालेली त्रिज्या गोळीने पूर्ववत १ झाली नाही, ०.९ पर्यंतच आली. दाब तोच राहिला तर प्रवाह किती पट वाढेल? (उत्तर: ०.६६ भागिले ०.४१, म्हणजे सुमारे १.६ पट.)