फुकटच्या सेवेतला हितसंबंध

नागपूर

चि. छकुलीस,

महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणावर तुझ्या संस्थेकडून तुझं नाव गेल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. बरं वाटलं. तज्ज्ञच नेमले नव्हते म्हणून २०१८ साली उच्च न्यायालयाने मुंबईच्या प्राधिकरणाला निर्णय घेण्यापासून रोखलं होतं. तेव्हा ही खुर्ची शोभेची समजू नकोस.

आई म्हणते, "फुकटची सेवा, तिथे कसला आलाय हितसंबंध?" मला हे पटत नाही. १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदासुद्धा लोकसेवक ठरवताना नुसता पगार बघत नाही. सार्वजनिक कर्तव्याचं पद असलं की पुरे.

आता जावईबापूंच्या काटोल रोडवरच्या नर्सरीबद्दल. राग मानू नकोस. १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. जितक्या वर्षांचं झाड तोडायचं, तितकी झाडं लावायची; रोपं सहा ते आठ फुटांची हवीत आणि सात वर्षं सांभाळायची. धंतोलीत जुना बंगला पाडून फ्लॅट बांधणाऱ्याला चाळीस वर्षांचा एक कडुनिंब तोडायची परवानगी मिळाली, की चाळीस उंच रोपं घेणं त्याला भाग आहे. कुठून घेईल? परवानगी देणाऱ्या बाईच्या घरूनच घेतली तर पुढची फाइल लवकर हलेल, असा हिशेब तो करणारच. म्हणजे तू जाणार झाडं वाचवायला आणि घरचा गल्ला भरणार झाडं तुटल्यावर!

अशा गिऱ्हाइकाचा अर्ज विषयपत्रिकेवर आला, की चर्चेआधीच संबंध सांग आणि सरळ खोलीबाहेर जा. गप्प बसून राहणं पुरेसं नाही; तू समोर असलीस तर उद्यान विभागाचा माणूस तुझ्या चेहऱ्याकडे बघूनच बोलेल. इतिवृत्तात नोंद झाली का, तेही पुढच्या बैठकीत वाचून बघ. तोंडी सांगितलेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही, विशेषतः चौकशी लागल्यावर.

मनपाच्या कंत्राटात हिस्सा असलेला नगरसेवक महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० खाली अपात्र ठरतो, हिस्सा भागीदारामार्फत असला तरी. संस्थेच्या प्रतिनिधीला ते कितपत लागतं, याचा कीस वकिलांना काढू दे. जावईबापूंना मनपाला रोपं पुरवायची निविदा भरायची असेल, तर तू त्या खुर्चीत नको. दोन्ही जमणार नाही.

बजाजनगरच्या मावशीला अंगणातली फांदी छाटायची आहे म्हणे, आणि त्यासाठी तिने तुझा नंबर मागितलाय. तिला झोन कार्यालयात अर्ज करायला सांग, चार लोकांसारखा. आठ दिवस रुसेल, मग येईल चहाला.

तुझ्या संस्थेला देणग्या देणाऱ्यांत कोण कोण बिल्डर आहेत, तेही तपास. पहिल्या बैठकीआधी नर्सरी आणि देणगीदार, दोन्हींची माहिती लेखी पत्राने आयुक्तांना दे. सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात आवक शिक्का मारलेली पोच घे आणि तिचा फोटो मला पाठव.

तुझा,
मामा