साशंक विद्यार्थी आणि श्रद्धेचा संवाद

प्रश्न : महाविद्यालयातील चिकित्सक मित्रांना ख्रिस्ती श्रद्धेविषयी त्यांचा मान राखून कसे सांगावे?

उत्तर : ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातील पुस्तकाच्या १७व्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल अथेन्सच्या विद्वानांपुढे त्यांच्याच कवींचा दाखला देतो; पुनरुत्थानाचा, म्हणजे मृतांतून उठण्याचा, विषय निघताच काही जण थट्टा करतात, काही पुन्हा ऐकू म्हणतात आणि पौल वाद न वाढवता निघून जातो. नेमके हे निघून जाणेच उत्साही प्रचारकांना जमत नाही. पाठ केलेली उत्तरे देण्यापेक्षा चार शुभवर्तमानांपैकी, म्हणजे येशूच्या चरित्रांपैकी, सर्वांत लहान असलेले मार्काचे एकत्र वाचून आक्षेप मोकळेपणी घेऊ द्यावेत. संविधानाचे कलम २५ धर्मप्रसाराचा हक्क देत असले, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७च्या निकालानुसार त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. म्हणून नोट्स किंवा फीची मदत प्रार्थनासभेच्या हजेरीशी जोडणे गैरच ठरते.