नॅनो नंतर, आधी रसायनशास्त्र

‘मुलीला बारावीनंतर थेट नॅनोटेक्नॉलॉजीला घालू का?’ असं पालक हल्ली फार विचारतात. माझं स्पष्ट मत आहे, पदवीला नको. आधी रसायनशास्त्र नाहीतर पॉलिमर इंजिनीअरिंग पक्कं होऊ द्या, नॅनो एम.एस्सी., एम.टेक.ला घेता येतं.

का, ते नॅनोसेल्युलोजवरून कळेल. कापसाच्या जिनिंगनंतर सरकीला आखूड तंतू चिकटून राहतात. ते स्वच्छ केले की जवळजवळ शुद्ध सेल्युलोज हाती येतं. तीव्र सल्फ्युरिक आम्लात साधारण ४५ अंशांवर ते ढवळलं की त्यातला विस्कळीत भाग विरघळतो आणि सुईसारखे स्फटिक उरतात, जेमतेम ५ ते २० नॅनोमीटर जाडीचे. हा नॅनोसेल्युलोजचा एक प्रकार. वेळेचा अंदाज चुकला तर सगळं काळं पडतं. हे स्फटिक इतके ताठ असतात, की प्लास्टिकमध्ये नीट पसरले तर थोड्याशा प्रमाणातही त्याला बळकटी येते.

पण नीट पसरणं हेच अवघड. सेल्युलोजला पाण्याची ओढ, पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकला पाण्याचं वावडं. मग स्फटिकांच्या गुठळ्या होतात, आणि ताण देणाऱ्या यंत्रावर डंबेलच्या आकाराची नमुना-पट्टी अनेकदा गुठळीपाशीच तुटते. उपाय म्हणजे स्फटिकांच्या पृष्ठभागावर योग्य रासायनिक गट बसवणं. ते शिकवतं रसायनशास्त्र.

हे फक्त प्रयोगशाळेपुरतं नाही. जपानच्या असिक्स कंपनीने २०१८मध्ये धावण्याच्या बुटाच्या तळव्यात नॅनोसेल्युलोजचा दुसरा प्रकार, म्हणजे सेल्युलोजचे नॅनोतंतू वापरले. २०१९च्या टोकियो मोटार शोमध्ये अशाच नॅनोतंतूंचा वापर केलेले भाग बसवलेली गाडी होती. आपल्याकडे मुंबईत माटुंग्याच्या ‘सिरकॉट’ या कापूस संशोधन संस्थेत नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी प्रकल्प आहे.

तरीही, फक्त नॅनोसेल्युलोजच्या नोकऱ्या आपल्याकडे आज मोजक्याच आहेत. पॉलिमर शिकलेल्याला मात्र रंग, पॅकेजिंग, टायर, गाड्यांचे सुटे भाग अशी बरीच दारं उघडी असतात.

माटुंग्याच्याच आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत पॉलिमरचं बी.टेक. आहे, त्यासाठी सीईटी किंवा जेईई. छत्रपती संभाजीनगरच्या ‘सिपेट’ या प्लास्टिक तंत्रज्ञान संस्थेत दहावीनंतर डिप्लोमा करता येतो, आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. संशोधनाची ओढ असेल तर नेट-जेआरएफ मिळवून पुण्याच्या एनसीएलसारख्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत पीएच.डी. करता येते, फेलोशिप सुरुवातीला महिना ३७,००० रुपये.

प्रवेशाआधी कॉलेजची प्रयोगशाळा बघून या. ताण चाचणीचं यंत्र विद्यार्थी स्वतः चालवतात की लांबून बघतात, हे तिथल्या मुलांनाच विचारा.