सावलीचे घड्याळ

मालवणच्या उत्तरेस खाडी आणि समुद्र यांच्या सोबतीने वसलेला आचरा हा खरा चालणाऱ्याचा गाव. रामेश्वराच्या देवळापासून निघावे, जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणारी पाणंद धरावी, माडांच्या बागा ओलांडाव्यात, की पिरावाडीपलीकडे समुद्राची गाज ऐकू येते. उलट अंगाला चढून गेले, तर करवंदीच्या जाळ्यांनी भरलेला सडा लागतो. उघड्यावर राहण्याची तर या गावाला जुनी सवय. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर पडतो आणि झोपड्या उभारून तीन दिवस, तीन रात्री बाहेरच राहतो. हीच आचऱ्याची प्रसिद्ध गावपळण. ती बहुधा थंडीत येते, म्हणून दिवसभर हिंडले तरी ऊन बाधत नाही. मुलांना मात्र मोठी सुटी मिळते ती मे महिन्यात!

मी शिक्षकी पेशात नवा होतो, तेव्हाची गोष्ट. सुटीत पंधरा मुलांना घेऊन मी सड्यावर गेलो. निघावयासच नऊ वाजले होते. करवंदे खाण्यात वेळ कसा गेला, ते कळले नाही. अकराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटला, तेव्हा "आता ऊन लागणार नाही, चला पुढे," असे मीच मुलांना सांगितले.

ते माझे चुकले. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरील हवा धावून येते. तेच खारे वारे. ते अंगाला गार लागतात, पण ऊन अडवीत नाहीत. शिवाय किनाऱ्यावरची हवा दमट. घाम येतो, पण लवकर वाळत नाही. आणि शरीराला गारवा मिळतो, तो घाम वाळल्यानेच.

थोड्याच वेळात एक मुलगा मागे पडू लागला. डोके दुखते म्हणाला आणि मटकन खाली बसला. सड्यावर सावलीला झाड नव्हते. जांभा असा तापलेला, की हात टेकवेना. माझ्या तोंडचे पाणी पळाले. तेवढ्यात गुरे राखणारे एक म्हातारे गृहस्थ धावत आले. आम्ही दोघांनी त्याला उचलून उतारावरच्या काजूच्या झाडाखाली नेले, कपडे सैल केले, ओल्या पंचाने अंग पुसले, वारा घातला. तो शुद्धीवर होता, म्हणून घोटघोट पाणी पाजले. अर्ध्या तासाने तो हसला. तो असंबद्ध बोलू लागला असता किंवा बेशुद्ध झाला असता, तर तोंडात पाणी न ओतता, अंग गार करीत तत्काळ डॉक्टरांकडेच न्यावे लागले असते.

मला वाटले, म्हातारबाबा आता रागावतील. त्यांनी आपली काठी जमिनीवर उभी धरली आणि ते एवढेच म्हणाले, "मास्तर, सावली आपल्यापरास ल्हान झाली काय झाडाखाली बसाचा."

घरी आल्यावर मी या वाक्याचा पडताळा घेतला. सावली आपल्याएवढी असते, तेव्हा सूर्य क्षितिजापासून 45 अंश वर आलेला असतो. आचऱ्यास मे महिन्यात ही वेळ सकाळी साडेनऊच्या आसपास येते. तेथून सावली आखडत जाते. आपली घड्याळे 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून लावलेली आणि आचरा त्याच्या बराच पश्चिमेस. म्हणून तेथे माध्यान्ह होते ती साडेबारा वाजून गेल्यावर. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. दुपारी पावणेचारच्या सुमारास ती पुन्हा काठीएवढी होते. ढगाळ दिवशी हे घड्याळ बंद, हे मात्र खरे. आणि सावली लांब असली तरी उकाडा असेल, तर पाण्याचे भांडे जवळ हवेच.

पुढच्या सुटीत आम्ही उजाडण्यापूर्वीच देवळापाशी जमलो. डोक्यावर टोप्या, अंगात सुती कपडे, खांद्याला पाणी. सूर्य वर येईपर्यंत आम्ही किनारा गाठला. सकाळी त्या ओल्या वाळूवर अनवाणी चालण्याचे सुख काय वर्णावे! दुपारी कोरडी वाळू तव्यासारखी तापते, तीच ही वाळू, हे पायांना पटत नाही. खाडीच्या मुखाकडे बगळे उभे होते. होड्या मासळी घेऊन परतत होत्या. खेकड्यांनी वाळूवर नक्षी काढली होती. मुलांना आणखी पुढे जावयाचे होते, आणि खरे सांगायचे तर मलाही.

इतक्यात गेल्या वर्षी सड्यावर बसलेला तो मुलगा पुढे आला. त्याने हातातली काठी उभी रोवली, सावलीच्या टोकाशी शंख ठेवला, मग काठी उपटून सावलीवर आडवी घातली. काठी शंखाच्या किंचित पुढे गेली.

"गुरुजी, झाड!" तो ओरडला.

सुरूच्या बनात बसून आम्ही कोकमाचे सरबत प्यालो. त्याचा पेला त्याने सर्वांच्या आधी संपविला.