सूचनाफलक कसा वाचावा?

(बी. ए., द्वितीय वर्ष)

महाविद्यालयात प्रवेश घेतला की विद्यार्थ्याच्या हाती अभ्यासक्रम पडतो. कोणत्या विषयाला कोणते पुस्तक, किती गुण, हे सर्व त्यात असते. परंतु ज्या एका गोष्टीचे वाचन आपल्याला रोज करावे लागते, तिचा अभ्यासक्रमात कोठेही उल्लेख नसतो. ती गोष्ट म्हणजे सूचनाफलक.

ज्यांच्या घरी आईवडील, काका, मोठी भावंडे महाविद्यालयात शिकलेली आहेत, त्यांना हे वाचन आयते येते. परीक्षेचा अर्ज केव्हा भरावा, उत्पन्नाचा दाखला केव्हा काढून ठेवावा, हे त्यांना घरीच कळते. आमच्यासारख्यांच्या घरी मात्र माय विचारते, "पोरी, तुह्या कालेजात काय सुरू हाये?" आणि या साध्या प्रश्नाचे नीट उत्तर देता येत नाही. म्हणून गेल्या सत्रात फलकावर लागलेली प्रत्येक सूचना मी एका वहीत उतरवून घेतली. त्या वहीच्या आधारे हा लेख लिहिला आहे.

बातमी कोठून निघते?

आपले विद्यापीठ अमरावतीला आहे. त्याआधी आपला जिल्हा १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होता. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले आणि २००५ मध्ये त्यास संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. यवतमाळहून अमरावती सुमारे नव्वद किलोमीटर; वणी किंवा उमरखेडच्या विद्यार्थ्याला तर अंतर दुपटीच्या आसपास पडते. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी स्वतःचे विद्यापीठ पाहिलेलेही नसते. आपल्यापुरते विद्यापीठ म्हणजे फलकावर टाचणीने लावलेला कागद.

हा कागद बारकाईने पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. वर 'प्रति, प्राचार्य, सर्व संलग्नित महाविद्यालये' असे लिहिलेले असते. म्हणजे विद्यापीठाचे पत्र आपल्या नावे नसतेच! ते प्राचार्यांना येते, तेथून कार्यालयात जाते, लिपिक त्यावरून आपल्या महाविद्यालयाची सूचना तयार करतात, आणि मग ती फलकावर लागते. या प्रत्येक टप्प्यावर एखादा दिवस जरी मोडला, तरी मुदतीतील तितके दिवस विद्यार्थ्याच्या वाट्यातून कमी होतात. आता सूचनेचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरील गटातही टाकले जाते. सोय झाली, हे खरे. परंतु ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर वावरात जातो, त्या घरच्या मुलीला फलकाचाच आधार असतो.

सूचनेची भाषा

सूचनेची भाषा कर्त्याविना चालते. 'सूचित करण्यात येते', 'नोंद घ्यावी', 'मुदतीनंतर कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही'. कोण सूचित करते आणि कोण सबब ऐकणार नाही, हे कळत नाही. तरीही अशा सूचनेत पाच गोष्टी शोधाव्यात : दिनांक, विषय, कोणत्या वर्गासाठी, शेवटची तारीख आणि सोबत जोडावयाची कागदपत्रे. शेवटच्या तारखा पुष्कळदा दोन असतात. एक विद्यापीठाची, दुसरी महाविद्यालयाची. आपल्याला पाळावयाची ती महाविद्यालयाची, कारण ती आधी येते.

काही शब्द मुद्दाम समजून घेतले पाहिजेत. 'विनाविलंब शुल्क' याचा अर्थ शुल्क माफ असा नव्हे. नेहमीचे शुल्क भरावेच लागते, फक्त उशिराचा दंड लागत नाही. 'ए.टी.के.टी.' म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स'; काही विषय राहिले असूनही पुढील वर्गात बसण्याची परवानगी. 'गुणपडताळणी' म्हणजे गुणांची बेरीज तपासणे आणि 'पुनर्मूल्यांकन' म्हणजे उत्तरपत्रिका पुन्हा तपासणे. या दोहोंत गल्लत केली तर पैसे एका कामाचे जातात आणि अपेक्षा दुसऱ्या कामाची राहते. २०२४-२५ पासून संलग्नित महाविद्यालयांतही नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाल्याने मेजर, मायनर, श्रेयांक हे शब्दही फलकावर आले आहेत.

वर्षभराचा क्रम

माझ्या वहीतील सूचनांचे चार प्रकार पडतात : परीक्षा, शिष्यवृत्ती, कार्यक्रम आणि संधी.

परीक्षा दोन, हिवाळी आणि उन्हाळी. यांतील हिवाळी परीक्षेची गोष्ट आपल्या जिल्ह्यात वेगळी आहे. तिचे अर्ज आणि शुल्क यांचे दिवस येतात तेव्हा सोयाबीन निघायचे असते, कापूस फुटायचा असतो, आणि खरिपाचा सारा खर्च होऊन घरातील पैसा संपलेला असतो. पुढे परीक्षा जवळ येते तेव्हा वेचणी ऐन भरात असते. विद्यापीठाचे वेळापत्रक आणि कपाशीचे वेळापत्रक यांची गाठ अशी नेमकी पडते. माझ्या नात्यातील एका मुलीचे उदाहरण सांगते. ती दुसऱ्या गावी शिकत होती. अर्ज भरण्याची सूचना लागली तेव्हा ती वेचणीला घरी आली होती. परतली तोवर मुदत संपली होती. उशिराच्या शुल्कासाठी तिच्या वडिलांनी उसनवारी केली. ती परीक्षा दिली तिने. परंतु पुढील वर्षी तिचे नाव हजेरीपटावर नव्हते. शिक्षण थांबण्याचे कारण कोणी विचारले तर घरचे 'परिस्थिती' असे सांगतात. त्या परिस्थितीत एका न वाचलेल्या कागदाचाही वाटा होता.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणजे पुढे आपोआप चालू राहतो, असा समज पुष्कळांचा आहे. तो चुकीचा आहे. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून येण्यास दिवस लागतात; म्हणून सूचनेची वाट न पाहता तो आधीच काढून ठेवावा. बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, तेही आधीच पाहावे.

कार्यक्रमांचे दिवस ठरलेले असतात. २४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबर संविधान दिन, १२ जानेवारी युवा दिन, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. २० डिसेंबर ही गाडगे बाबांची पुण्यतिथी. १९५६ साली त्याच दिवशी अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले. स्वतः शाळेत न गेलेला हा पुरुष गावोगाव सांगत असे की जेवणाचे ताट विकावे लागले तरी चालेल, पण मुलाला शिकवा. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात कागद वाचता न आल्यामुळे कोणाचे शिक्षण थांबावे, ही गोष्ट मनाला लागते.

चौथा प्रकार संधींचा. या सूचना आपण सर्वांत कमी वाचतो, कारण त्या न वाचल्याने दंड होत नाही. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला असे विभाग असतात. तेथून निवड झालेल्यांना 'इंद्रधनुष्य' या राज्यस्तरीय महोत्सवात जाता येते. तो २००३ साली सुरू झाला. संशोधनासाठी २००६ पासून 'आविष्कार' ही स्पर्धा आहे. ती केवळ विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची, असे आपण कलाशाखेचे लोक मानतो. वस्तुतः तीत मानव्यविद्या आणि भाषा यांचाही गट असतो. आपल्या गावातील म्हणी, शेतीचे शब्द, जात्यावरच्या ओव्या यांवर आपणांस अभ्यास मांडता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर असते. गावातून आलेल्यांना त्यातील श्रमदान नवे नसते. नवे असते ते चारचौघांसमोर उभे राहून बोलणे.

मोठे सोहळे आपल्या दारी क्वचितच येतात. यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९७३ साली ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली झाले आणि त्यानंतर थेट २०१९ साली, अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. इतर वेळी आपल्यालाच जावे लागते, आणि जाण्याची वाट फलकावरून निघते.

फलकावर नसलेल्या बातम्या

फलकावर आपली कर्तव्ये दिसतात, हक्क फारसे दिसत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ असे सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. ही माहिती किती विद्यार्थ्यांना आहे? तसेच, स्पर्धेला जाण्याची सूचना लागते, परंतु कोण गेले, काय पाहिले, काय कमी पडले, हे परत येऊन कोणी लिहीत नाही. त्यामुळे दरवर्षी नवा विद्यार्थी कोऱ्या पाटीनेच सुरुवात करतो.

यावर उपाय खर्चाचे नाहीत. वर्षारंभी मुख्य तारखांचा मोठ्या अक्षरांतील तक्ता ग्रंथालयाच्या भिंतीवर लावावा. प्रत्येक सूचनेखाली तिचा अर्थ सोप्या मराठीत एका ओळीत लिहावा. शेवटच्या तासाला वर्गप्रतिनिधीने नव्या सूचना मोठ्याने वाचाव्यात, आणि जे विद्यार्थी घरी गेले असतील त्यांना निरोप देण्याचे काम त्यांच्या गावच्या सोबत्याने घ्यावे. महिन्याला एक भित्तिपत्रक काढावे व त्यात जाऊन आलेल्यांनी लिहावे. १९१८ साली लोकनायक बापूजी अणे यांनी ज्या यवतमाळातून 'लोकमत' सुरू केले, त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना एक भित्तिपत्रक जड जाऊ नये.

माझी वही ग्रंथालयात ठेवण्यास मी तयार आहे. पुढील सत्रातील सूचना प्रथम वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याने तीत उतरवून घ्याव्यात. प्राध्यापकवर्गाने तीवर नजर ठेवली तर दोनतीन वर्षांत आपल्या महाविद्यालयाचे स्वतःचे पंचांग तयार होईल, आणि गावातून पहिल्यांदाच आलेल्या मुलामुलींना ते पहिल्याच दिवशी हाती देता येईल.