पांढऱ्या अस्वलाचा लांबलेला उपवास

वाचकहो, या सदरात आपण मधुमेह, रक्तदाब, दमा, कावीळ अशा आजारांविषयी बोलत असतो. आजचा रुग्ण मात्र आपल्या दवाखान्यात कधीच येणार नाही. तो आहे उत्तर ध्रुवाकडचे पांढरे अस्वल. हवामान बदलले आणि बर्फ वितळला म्हणून अस्वले संकटात आहेत, एवढे आपण वाचलेले असते. पण बर्फ वितळल्याने अस्वलाच्या शरीरात नेमके काय बिघडते, हे क्वचितच सांगितले जाते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा विषय फार शिकण्यासारखा आहे, आणि शेवटी तो माणसापर्यंतही येतो.

चरबी हीच शिदोरी

पांढरे अस्वल प्रामुख्याने सील या प्राण्यावर जगते. सील समुद्रात राहतो, पण आपल्यासारखाच हवेत श्वास घेतो. त्यासाठी तो गोठलेल्या समुद्राच्या बर्फात भोके राखून ठेवतो. अस्वल अशा भोकापाशी दबा धरून बसते आणि सील वर आला की त्याला धरते. पायाखाली बर्फ नसेल तर ही शिकार जवळजवळ अशक्य होते, कारण उघड्या पाण्यात सील अस्वलापेक्षा कितीतरी चपळ असतो.

पकडलेल्या सीलची चरबी अस्वल आधी खाते. शिकार मुबलक असेल तर मांस तसेच टाकून देते. वसंत ऋतूत सीलची नवी, गुबगुबीत पिले बर्फावर असतात. एप्रिल ते जून हा अस्वलाचा खरा सुगीचा काळ. वर्षाची बरीचशी बेगमी याच दिवसांत अंगावर चढते. पुढे बर्फ वितळला की अस्वल किनाऱ्यावर येते आणि समुद्र पुन्हा गोठेपर्यंत अंगच्या चरबीवर दिवस काढते.

आपला चातुर्मास आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत असतो. योगायोग असा की कॅनडातील हडसन उपसागराच्या अस्वलांचा उपवासही साधारण याच महिन्यांत येतो. फरक इतकाच, की त्यांना साबुदाणा आणि शेंगदाणे मिळत नाहीत.

उपवास लांबला

आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. हडसन उपसागराच्या पश्चिम भागात १९८० च्या दशकाच्या मानाने बर्फाविना जाणारा काळ सुमारे तीन आठवड्यांनी वाढला. तीन आठवडे म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण सुगीचे शेवटचे दिवस कमी झाले आणि उपवासाचे दिवस वाढले, असा हा दुहेरी फटका आहे. जमा घटली आणि खर्च वाढला, तर कोणत्याही घराचे जे होते तेच अस्वलाच्या शरीराचे होते.

कॅनडातील चर्चिल या गावाजवळ इयान स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे अस्वलांची वजने घेतली. सोबत पिले नसलेल्या प्रौढ माद्यांचे सरासरी वजन १९८० साली २९० किलोच्या आसपास होते. २००४ पर्यंत ते सुमारे २३० किलोवर आले. याच भागात १९८७ साली सुमारे १,२०० अस्वले होती. २०१६ च्या पाहणीत ती ८४२ आणि २०२१ च्या पाहणीत ६१८ भरली. काही अस्वले शेजारच्या भागात गेली असतील, तरी एकंदर कल उघड आहे.

मग अस्वलाने जमिनीवर दुसरे काही खावे, असे कोणी म्हणेल. तेही पाहून झाले आहे. याच भागातील २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून तीन आठवडे त्यांचे निरीक्षण केले गेले. ते २०२४ साली प्रसिद्ध झाले. काही अस्वले स्वस्थ पडून राहिली, तर काहींनी बोरासारखी रानफळे, गवत, मेलेले पक्षी असे मिळेल ते खाल्ले. तरीही २० पैकी १९ अस्वलांचे वजन घटले, तेही सरासरी दिवसाला सुमारे एक किलो. खाण्यासाठी केलेल्या धडपडीतच मिळवलेले खर्ची पडले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळीकडची अस्वले सारखीच खंगलेली नाहीत. अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या चुकची समुद्रातील अस्वले बर्फ घटूनही बरीच वर्षे धष्टपुष्ट आढळली, कारण तेथे खाद्य विपुल आहे. रोग एकच असला तरी प्रत्येक रुग्णाची ताकद वेगळी असते, तसेच हे.

ध्रुवावर विष आले कोठून?

जेथे कारखाने नाहीत, शेती नाही, तेथे रसायने कशी पोहोचली? कपाटात ठेवलेली डांबराची गोळी आठवा. ती हळूहळू झिजून हवेत मिसळते. थंड पाण्याने भरलेल्या तांब्यावर बाहेरून पाण्याचे थेंब जमतात, तेही आठवा. डीडीटीसारखी कीटकनाशके आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातील पीसीबी ही रसायने उष्ण प्रदेशात हवेत उडतात, वाऱ्याबरोबर थंडीकडे सरकतात आणि तेथे गोठून खाली बसतात. समुद्राचे प्रवाहही त्यांना वाहून नेतात.

ही रसायने पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज विरघळतात. त्यामुळे लघवीवाटे ती बाहेर पडत नाहीत, अंगातच साठतात. शेवाळातून ती बारीक जीवांत येतात. ते जीव मासे खातात, मासे सील खातो आणि सीलला अस्वल खाते. प्रत्येक पायरीवर विषाचे प्रमाण वाढत जाते. अस्वल सर्वात वरच्या पायरीवर आणि आहार चरबीचा, म्हणून सर्वाधिक वाटा त्याच्या पदरी पडतो. याखेरीज कोळसा जाळल्याने हवेत जाणारा पारा आणि नॉनस्टिक भांड्यांच्या उद्योगातील टिकाऊ रसायनेही त्याच्या यकृतात सापडली आहेत.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील अस्वलांत पीसीबी जास्त असेल तर थायरॉईडचे हार्मोन आणि जीवनसत्त्व 'अ' यांचे रक्तातील प्रमाण बदललेले आढळले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथील आणि कॅनडातील काही अस्वलांना धनुर्वातासारख्या लसी टोचून पुढे त्यांचे रक्त तपासले गेले. ज्यांच्या अंगात ही रसायने जास्त होती, त्यांची प्रतिकारशक्ती उणी पडत असल्याच्या खुणा दिसल्या. पूर्व ग्रीनलँडमधील अस्वलांच्या १८९२ ते २००२ या काळातील कवट्या तपासून डॅनिश शास्त्रज्ञांनी हाडांच्या घनतेचा संबंध या रसायनांशी जोडला आहे.

दोन संकटे एकाच वेळी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हवामानबदल आणि प्रदूषण ही अस्वलाच्या शरीरात दोन वेगळी दुखणी राहत नाहीत.

चरबीत कोंडलेले विष काही काळ तरी निपचित पडून असते. पण उपवास सुरू झाला की शरीर चरबी जाळू लागते. चरबी जळते, विष जळत नाही. दूध आटवले की साखर वाढत नाही, पण प्रत्येक घोटाची गोडी वाढते, तसे उरलेल्या चरबीत विषाचे प्रमाण वाढते आणि त्यातले काही रक्तात उतरते. समजा, १०० किलो चरबी उपवासात ५० किलोवर आली, तर उरलेल्या प्रत्येक किलोत विष जवळजवळ दुप्पट होईल. उपवास जितका लांब, तितकी ही मात्रा मोठी. म्हणजे अंगात ताकद कमी असते नेमक्या त्याच वेळी विषाचा जोर वाढतो.

याची सर्वात मोठी झळ पिलांना बसते. मादीचा समागम वसंतात होतो, पण गर्भ शरद ऋतूपर्यंत रुजत नाही. तोवर अंगावर पुरेशी चरबी चढली नसेल, तर गर्भधारणा पुढे जात नाही असे मानले जाते. हडसन उपसागरात १८९ किलोपेक्षा कमी वजनाच्या मादीला जगतील अशी पिले झाल्याचे अभ्यासकांना आढळले नव्हते. पिले होतात ती बर्फातल्या गुहेत, जेमतेम ६००-७०० ग्रॅम वजनाची. मादी तेथे काहीही न खाता त्यांना पाजते. तिचा हा उपवास आठ महिन्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हशीच्या दुधात सुमारे ७ टक्के स्निग्धांश असतो, तर या दुधात सुमारे ३० टक्के. एवढी चरबी येते ती आईच्या अंगातूनच, आणि तिच्याबरोबर विषही येते. जन्मतःच पिलाच्या वाट्याला आईची अनेक वर्षांची साठवण येते.

त्यात नव्या जंतूंची भर आहे. चुकची समुद्रातील अस्वलांच्या रक्ताच्या तपासणीत १९८७ ते १९९४ या काळाच्या तुलनेत २००८ ते २०१७ मध्ये सहापैकी पाच जंतूंच्या संसर्गाच्या खुणा वाढलेल्या दिसल्या. २०२३ साली अलास्कात एक पांढरे अस्वल बर्ड फ्लूने मेल्याचे सिद्ध झाले.

आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट, हे सारे माणसालाही लागू आहे. कॅनडातील नुनाविक भागात सील आणि देवमाशाची चरबी खाणाऱ्या इन्युइट मातांच्या दुधात १९८० च्या दशकात पीसीबीचे प्रमाण दक्षिण क्वेबेकमधील मातांच्या सुमारे पाचपट आढळले. तरीही तेथील डॉक्टरांनी स्तनपान थांबवू नका असाच सल्ला दिला, कारण आईच्या दुधाचे फायदे धोक्यापेक्षा मोठे आहेत. आपल्याकडील मातांनीही हे लक्षात ठेवावे. भीतीपोटी अंगावर पाजणे बंद करू नये.

दुसरी गोष्ट, बंदीचा उपयोग होतो. आपल्याकडे १९५३ पासून हिवतापासाठी घरोघर डीडीटी फवारले गेले. त्याने असंख्य जीव वाचवले हे विसरून चालणार नाही. शेतीसाठी मात्र १९८९ मध्ये त्यावर बंदी आली. २००१ च्या स्टॉकहोम कराराने अशा रसायनांना जगभर लगाम घातला आणि २००६ साली भारतानेही त्याला मान्यता दिली. पीसीबीवर अनेक देशांनी बंदी घातल्यावर स्वालबार्डच्या अस्वलांतील त्याचे प्रमाण पुढील वर्षांत खरोखरच घटले. औषध लागू पडते, फक्त वेळ लागतो.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली. प्लास्टिक आणि वायरी उघड्यावर जाळू नयेत, त्यांतून डायॉक्सिन हे याच जातीचे विष निघते. कीटकनाशकाचे रिकामे डबे धान्यासाठी वा पाण्यासाठी वापरू नयेत. वीज, पेट्रोल, कोळसा यांची उधळपट्टी टाळावी.

विषाच्या बंदीचा गुण दिसू लागला आहे, पण उपवासावर असा कायदा नाही. बर्फ टिकायचा तर हवेत जाणारा धूर सगळ्या जगालाच कमी करावा लागेल. तोवर ही अस्वले दर वर्षी थोडा अधिक लांब उपवास करीत राहतील, आणि त्यांची पिले दुधाबरोबर आपले विष पीत राहतील.